पाणी चढलं की सूर उतरतो

शोकसभा पाच वाजता होती आणि ठोकेबुवा सकाळी आठपासून हॉलमध्ये बसून ड्रॉपरने थेंब थेंब पाणी मोजत होते. ठोके हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. चाळीस वर्षं जॅझच्या नावाखाली दिसेल ते ठोकत आल्यामुळे गल्लीने त्यांना ते बहाल केलं होतं, आणि पुढे पोस्टमनही त्याच नावाने पत्रं आणू लागला. वॉशिंग मशीनचा ड्रम, सायकलच्या तारा, दाराच्या बिजागऱ्या, शिलाई मशीनच्या पायडलवर बसवलेले दोन ब्रश, अशी त्यांनी स्वतः शोधून काढलेली वाद्यं घरभर पसरलेली असत. स्वयंपाकघरातलं एखादं झाकण सापडेना, तर बायको आधी स्टेजवर बघायची.

शोकसभा तिचीच होती. तिला जाऊन महिना झाला होता.

तिने या उद्योगांबद्दल कधी कटकट केली नाही. दिवसभर दंतवैद्याच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून ती लोकांचं कण्हणं ऐकायची आणि संध्याकाळी नवऱ्याच्या कार्यक्रमाला येऊन शेवटच्या रांगेत बसायची. फारसा फरक जाणवत नाही, एवढंच ती एकदा म्हणाली होती. पण आजारपणात तिने एक गोष्ट मागितली. "अहो, एकदा तरी मला ओळखता येईल असं काहीतरी वाजवा ना." बुवा म्हणाले, वाजवू की, त्यात काय. आणि पत्र्याच्या नळ्यांचं नवं वाद्य घेऊन दौऱ्यावर गेले. परतले तेव्हा ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. महिनाभर बुवांना अन्न गोड लागत नव्हतं ते यामुळे.

म्हणून हा खटाटोप. लाकडी पायऱ्यांवर एकवीस उंच काचेच्या बरण्या, प्रत्येकीत मोजून पाणी. पायाखालची पट्टी दाबली की पायऱ्या हलायच्या, पाणी डचमळायचं आणि सूर थरथरायचा. कुणी 'हा तर जलतरंग' म्हटलं की बुवांना राग यायचा. जलतरंगाला पायडल कुठे असतं? यावर ते एकच साधी चाल वाजवणार होते. कपडे वाळत घालताना बायको जी गुणगुणायची, ती. अकरा दिवस त्यांनी घरात बसून बरण्या सुरात आणल्या. गेल्या चाळीस वर्षांत त्या घरातून पहिल्यांदाच सुरेल आवाज येऊ लागला, तेव्हा शेजारीण बुवांची तब्येत विचारून गेली.

चूक म्हणाल तर त्यांचीच. तिला नीट ऐकू जावं म्हणून त्यांनी बरण्या तिच्या फोटोसमोरच मांडल्या, आणि काठ्यांना लोकर गुंडाळायला आतल्या खोलीत जाऊन बसले.

सगळ्यात आधी दंतवैद्य आले. हातात लांब देठाचं फूल. फोटोसमोर काचेच्या बरण्या, बरण्यांत पाणी. सोय चांगली केली आहे असं मनाशी म्हणत त्यांनी फूल मधल्या बरणीत ठेवलं. मागून येणाऱ्यांनी त्यांचं बघून तेच केलं. पंधरा मिनिटांत एकवीस बरण्या भरल्या. हॉलचा रखवालदार भला माणूस. काही बरण्यांत पाणी अगदीच बेताचं दिसलं, फुलं सुकतील म्हणून त्याने जग आणून त्यांत भर घातली. धाकटी मेहुणी सगळ्यात शेवटी आली. तिने भलामोठा गुच्छ सोडला आणि कुणावर अन्याय नको म्हणून प्रत्येक बरणीत दोन दोन काड्या खोचल्या.

बुवा बाहेर आले ते जागीच थिजले. देठ बुडाले की पाणी चढतं, आणि पाणी चढलं की सूर उतरतो. त्यांनी पुढे होऊन एक फूल उपसलं, तर पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, राहू द्या हो, मी तिच्यासाठी आणलंय. आता फुलं काढायची तर एकवीस बरण्यांची, आणि तीही तिच्या फोटोसमोर. बुवांनी फूल परत ठेवलं.

"बाबा, दुसरं काहीतरी वाजवा," मुलगी कानाशी म्हणाली.

"दुसरंच तर जन्मभर वाजवलं," बुवा म्हणाले आणि काठ्या उचलल्या.

पहिली ओळ वाकडी गेली. दुसरी कशीबशी सावरली. तिसऱ्या ओळीला सूर असा काही घसरला की बुवांनी डोळेच मिटून घेतले. तिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली आणि तीही आपल्याकडून झाली नाही, हे त्यांना कळून चुकलं. चाल संपली.

मेहुणी उठून पुढे आली. ही बाई एकदा कानावर हात ठेवून त्यांच्या कार्यक्रमातून निघून गेली होती, त्यामुळे बुवांनी बोलणी खायची तयारी ठेवली. पण तिच्या डोळ्यांना पदर होता.

"भाऊजी, ही ताईच," ती म्हणाली. "तिसऱ्या ओळीला ती अश्शीच घसरायची. लहानपणापासून. आई किती रागवायची तिला."

बुवांना आठवलं. खरंच की. बायको बेसूर होती, चांगली ठार बेसूर. तीस वर्षं रोज सकाळी त्यांच्या कानाला ते टोचलं होतं, आणि एका महिन्यात ते साफ विसरले होते. अकरा दिवस खपून त्यांनी तिची चाल दुरुस्त केली होती, म्हणजे तिलाच त्यातून पुसून टाकलं होतं. महिनाभर अडलेलं रडू मग सगळ्यांसमोर आलं.

एव्हाना रखवालदाराला आपला घोळ कळला होता. तो हात जोडून पुढे आला आणि फुलं काढू लागला. मेहुणीने त्याचा हात धरला.

"कशालाही हात लावू नका," ती म्हणाली. मग बुवांकडे वळली. "पुन्हा वाजवा."

चाळीस वर्षांत बुवांना असं कुणी म्हटलं नव्हतं. शिवाय एकदा वाजवलेलं पुन्हा तसंच वाजवायचं नाही हा त्यांचा बाणा होता. त्या संध्याकाळी ती चाल त्यांनी सात वेळा वाजवली आणि सातही वेळा ती तिसऱ्या ओळीला, नेमकी तिथेच, घसरली.