बंडूसाठी घर बघताना

माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा नाशकात कोणी नाय. निकमभाऊ शेजारी राहायला आले, त्यांच्या खिशात माप घ्यायचा व्हर्निअर दिसला, तर मी त्यांना सोनार समजून बायकोची मोडकी नथ घेऊन त्यांच्या दारात उभा.

भाऊ अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. आलेला माल मोजायचा आणि पास का नापास ते सांगायचं. घरी आल्यावर बी तेच. चहातली खारी मोजायचे. लग्नाच्या पंगतीत जिलबीला व्हर्निअर लावताना मी या डोळ्यांनी बघितलंय. "एका बाजूनं जाड आहे. नापास," म्हणाले, आणि खाल्ली.

या माणसानं एकच गोष्ट न मोजता घरात घेतली, ती म्हणजे बंडू. बंडू म्हणजे बोकड. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, आजारी होत्या तेव्हा त्यांनी अंथरुणात बसून बाटलीनं दूध पाजून त्याला वाढवला. वहिनी गेल्या, बंडू राहिला. संध्याकाळी भाऊ पायरीवर बसून त्याला पेपर वाचून दाखवायचे. वाचून झालेलं पान तो खायचा.

भाऊ रिटायर झाले. गल्लीत फोन एकच, वाण्याकडं. त्याच्यावर मुलाचा निरोप आला, बाबा, पुण्याला या. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, म्हणजे बंडूचं जमणार नाय.

कुत्र्याला घर मिळतं हो, बोकडाला पातेलं मिळतं. येणारा गडी पहिला प्रश्न विचारायचा, "किती किलो भरंल?"

"नापास," भाऊ म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे.

मी म्हणलं, भाऊ, माझ्यावर सोडा. चांदवडचा एक कांदेवाला शोधला. माळकरी माणूस, मटणाला शिवत नाय. भाऊंनी त्याच्या गोठ्याला दोन तास टेप लावला. "दार बुटकं आहे. शिंग लागेल."

तो बिचारा म्हणाला, "दार काढून टाकतो की."

"मग थंडी लागेल."

झालं, नापास.

मग मी वणीकडचं घर काढलं. बंडूला घेऊनच गेलो. त्याला बघून तिथल्या म्हातारीनं हळदकुंकू लावलं, गळ्यात हार घातला, वाकून पाया पडली. भाऊंचे डोळे भरून आले. टेप खिशातच राहिला. मी छाती फुगवून म्हणलं, "बघा भाऊ, असा मान कुठं मिळंल?"

"नवस हाय ना बाबा," म्हातारी म्हणाली. "परवा कापायचा. तुमी बी या जेवाया."

परतीच्या एसटीत बंडू आमच्या दोघांच्या मधी उभा, कपाळाला कुंकू, गळ्यात अर्धा हार. अर्धा त्यानं खाल्ला होता.

निघायचा दिवस उजाडला तरी बंडूचं ठरलं नव्हतं. पेटी दारात ठेवून भाऊ पायरीवर बसले होते. मी उगाच विचारलं, "पुण्याचं घर तरी बघून आलात का?"

"नाही."

"खोली केवढी, खिडकी कुठं, काहीच नाय?"

"खोलीचं काय एवढं," भाऊ म्हणाले. "ते सगळे कामावरून रात्री नऊला येतात म्हणे." आणि बंडूच्या दाढीत अडकलेली काडी काढत बसले.

तेवढ्यात माझी बायको सुमन बाहेर आली. आमचं घर कोणी हिशेबात धरलंच नव्हतं, कारण दर रविवारी आमच्या मटणाचा वास भाऊंच्या ओट्यापर्यंत जायचा. तिनं बंडूची दोरी सोडली, आमच्या शेवग्याखाली नेऊन बांधली आणि मला म्हणाली, "रविवारचं मटण आजपासून बंद."

भाऊ शेवग्याकडं बघत राहिले. माप घ्यायला काही उठले नाय.

मी लगेच पुढं झालो. "म्हणजे शेवटी माझं घर पास. भाऊ, माझ्यावर एवढा भरवसा?"

"तुझ्यावर कशाला?" भाऊ पेटी उचलत म्हणाले. "सुमनताई चौदा वर्षं तुला सांभाळतायत. त्यापुढं बोकड काहीच नाही."