चपलेच्या पलीकडे

स्वतःला मिळालेली शिवी दारावरच्या पाटीवर रंगवून घेणारा आमच्या चाळीत एकच गृहस्थ आहे: दुसऱ्या मजल्यावरचे काशिनाथ मोहिते. नावाखाली, जिथे इतर लोक पदवी लिहितात, तिथे त्यांनी पिवळ्या ऑइलपेंटने 'अल्ट्राक्रेपिडेरियन' असे लिहून घेतले आहे. शेवटची दोन अक्षरे पेंटरला चौकटीवर उतरवावी लागली.

लोअर परळच्या एका गिरणीत मागांचे चामडी पट्टे शिवण्यात काशिनाथरावांची नोकरी सरली. वडील त्याच गिरणीच्या फाटकाशी बसून जोडे शिवत. परंतु काशिनाथरावांना कोणताच विषय परका नाही. शेजाऱ्याचा एक्स-रे डॉक्टरांच्या आधी ते उजेडाकडे धरतात. बांबू कुठे रोवायचा ते मंडपवाल्याला सांगतात. मी कोर्टातून निवृत्त झालेला कारकून. महापालिकेपासून मंत्रालयापर्यंत माझी पत्रे धास्तीने उघडली जातात, अशी माझी समजूत आहे. त्या पत्रांतले परिच्छेदही ते वरखाली करतात, आणि संतापजनक बाब अशी की पत्र सुधारते. त्यांची सुरुवात ठरलेली: "आपला प्रांत नाही हा, म्हणूनच विचारतो."

चाळीच्या पुनर्विकासाचा नकाशा सभेत मांडला गेला, तेव्हाही त्यांनी असेच विचारले. "या लिफ्टमध्ये माणूस आडवा कसा मावणार?" एकदा नव्हे, तीनदा. विकासकाच्या तरुण वास्तुविशारदाने तेव्हा स्मित केले आणि आठवड्याने इंग्रजीत उत्तर धाडले: सदर सभासदाचे आक्षेप अल्ट्राक्रेपिडेरियन असल्याने विचारात घेण्याचे कारण नाही.

चाळीचा पत्रव्यवहार माझ्याकडे. मी जाडा कोश काढला आणि वाचून माझे कान तापले. काशिनाथराव समोरच बसले होते.

"काय लिहिलंय, साहेब?"

"जाऊ द्या. उद्दाम पोरगा आहे."

"शिवी मला दिलीय ना? मग अर्थ मला कळायला नको?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. मी सांगितले. शब्द लॅटिन, 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे, 'क्रेपिडा' म्हणजे चप्पल. प्राचीन काळी एका चित्रकाराच्या चित्रातली चप्पल चुकल्याचे एका जोडे शिवणाऱ्याने दाखवले. चित्रकाराने ती निमूट सुधारली. उत्साहाने जोडेवाल्याने मग पायाचीही चूक काढली, तेव्हा चित्रकाराने त्याला चपलेच्या वर न बोलण्याची ताकीद दिली. त्यावरून, आपल्या कामापलीकडचे बोलणारा तो अल्ट्राक्रेपिडेरियन.

माझी नजर कोशातून वर येईना.

"पण पाय चुकला होता का?" काशिनाथरावांनी विचारले.

"कोशात नाही ते."

"बघा. तेवढंच कोणी लिहिलं नाही."

इंग्रजीत हा शब्द प्रथम एका टीकाकाराने एका संपादकाला झोडपण्यासाठी छापला, आणि तो संपादक लहानपणी जोडे शिवण्याच्या दुकानात उमेदवारी करत असे, हेही मी वाचून दाखवले. तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे आपल्यातलाच कोणी ऑफिसर झाला होता तिकडे." दुसऱ्या दिवशी पेंटर आला. तेव्हापासून भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही ते आधी बजावतात, "मी अल्ट्रा आहे हां."

मी मात्र तीन पानी नोटीस तयार केली. मानहानी, समता, भारताचे संविधान, बिनशर्त लेखी माफी. त्यांनी ती शांतपणे वाचली.

"माफी घेऊन काय करू? लिफ्ट मागा."

"अहो, हा अपमान आहे."

"तो माझा आहे, मी बघतो. तुम्ही लिफ्ट मागा."

अडीच पाने कापली. उरलेल्या अर्ध्या पानात वास्तुविशारदाला नकाशासह चाळीत हजर राहण्याचे फर्मावले. तो आला तेव्हा काशिनाथरावांनी पटांगणात रांगोळीने ती लिफ्ट काढून ठेवली होती, खऱ्या मापाची. धोतर सावरून ते तिच्यात उताणे झोपले. गुडघ्यांपासून खाली दोन्ही पाय रेषेबाहेर. गॅलऱ्यांतून हशा पिकला.

"काका, लिफ्टमधून झोपून कोण जातं?" वास्तुविशारदही हसला.

काशिनाथराव उठले नाहीत. आकाशाकडे पाहतच म्हणाले, "माझी बायको गेली असती."

हशा थांबला. त्यांच्या पत्नीला दम लागून इस्पितळात नेले, त्या दिवशी मी कोर्टात होतो. परतलो तेव्हा सारे संपले होते. पुढे अनेक वर्षे मी शेजारधर्माने सर्व काही विचारले, हे मात्र कधी विचारले नाही.

"जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना," ते सांगत होते. "खुर्चीला बांधली तिला, तिच्याच लुगड्यानं. वरून दोघांनी धरली. मी खालून पाय धरून उलटा उतरत होतो. श्वास पुरत नव्हता तिला, आणि सगळा श्वास खर्चून मलाच म्हणत होती, सावकाश हो, पडाल."

वास्तुविशारदाने नकाशाची गुंडाळी खाली ठेवली. तो गुडघ्यांवर बसला, खिशातून टेप काढली आणि म्हणाला, "काका, जरा सरळ व्हा. पाय पसरा पूर्ण."

टेपचे दुसरे टोक मी धरले.