पंगतीतले उंदीर

"आमचा भुजंग हैदराबादेत खाण्याचं शास्त्र शिकून राह्यला," असं रखमाजी हसनाबादच्या चावडीवर सांगू लागले, की शेजारचे आबाराव हमखास म्हणायचे, "खाणं शिकाया हैदराबाद कशाला? आमच्या बैलालाबी येतं ते!" रखमाजी मनाला लावून घेत नसत. गावात दुसऱ्या कुणाचं पोरगं जालन्याच्या पुढं गेलं नव्हतं.

सुट्टीत भुजंग आला तो पिंजऱ्यांत दोन पांढरे उंदीर घेऊन. बोर्डिंग बंद होतं आणि प्रयोग मोडता येत नव्हता.

"माय, ह्याला भाकर, दूध, भाजी. त्याला नुस्ता कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात. भातवाला वाळला पाह्यजे, तरच मी पास."

सोनूबाईंनी मान डोलावली खरी. पण एका पंगतीत एकाला दूध आणि दुसऱ्याला कोरडा भात, असं त्यांनी जन्मात कधी वाढलं नव्हतं. पंधरवड्यानं भुजंगनं तराजू लावला, तर दोघं बराबर.

"माय, त्याला दूध दिलंस?"

"मंग? ह्यो पेऊन राह्यल्ता अन् त्यो बघून राह्यल्ता. पंगतीत दुजाभाव करायचं पाप मी न्हाई घेणार."

"तुला माझी शपथ! त्याला भाताबिगर काही द्यायचं न्हाई."

माउली शपथेला जागली. पुढच्या वजनाला दोन्ही उंदीर सारखेच वाळलेले.

"त्याला न्हाई, तर ह्याला तरी कसं देऊ?" सोनूबाई म्हणाल्या.

भुजंगनं कपाळावर हात मारला. रखमाजींना वेगळीच चिंता. पोरगं नापास झालं, तर चावडीवर कोणत्या तोंडानं बसायचं? शेवटी त्यांनीच तोड काढली. "पंगतच मोडू. भातवाला आबारावाच्या झुंबरबाईकडं ठेवू."

झुंबरबाई "बिलकुल काळजी करू नका" म्हणत पिंजरा घेऊन गेल्या. भुजंगच्या जायच्या दिवशी त्यांनी तो परत आणला, तेव्हा उंदराला पिंजऱ्यात धड वळताही येईना.

"काकू, भात सांगितल्ता ना?"

"भातच दिला की! वर तूप, दूध, शेंगदाण्याचा कूट. पाहुणा आमच्या दारातून वाळून गेला असता, तर तुझ्या मायनं जन्मभर ऐकवलं असतं!"

"कॉलेजातल्या साहेबाला सांग, वाळला म्हणून," रखमाजी हळूच म्हणाले.

"न्हाई दादा. झालं तेच सांगणार."

रखमाजींना भीती वाटली, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

दिवाळीला भुजंग आला. रखमाजींनी त्याला गाडीतून उतरूही दिलं नाही. "काय झालं?"

"साहेब पोट धरून हसले. नवे उंदीर दिले. पास झालो, दादा! पण कॉलेजात आता कायदा झालाय. उंदीर कुठंबी न्या, हसनाबादला न्यायचे न्हाईत."

रखमाजी तडक चावडीवर गेले. "आबाराव, हैदराबादेत आपल्या गावाच्या नावाचा कायदा झाला! साहेबाला पटलंय, हसनाबादेत उंदीरसुदिक उपाशी राहत न्हाई. अन् हे सगळं माझ्या पोराच्या शिक्षणानं!"

आबारावांनी मिशीवरून सावकाश हात फिरवला.

"तुमच्या घरी तर त्यो वाळला व्हता, रखमाजी. कायदा झाला, त्यो आमच्या घरच्या तुपावर."