बारा उंदरांचा पोळा

पोळ्याच्या दिवशी सकाळी बबनरावांनी बंगलीचं दार उघडलं आणि एक पाय आत, एक पाय बाहेर अशा अवस्थेत ते खिळून राहिले. भिंतीशी ओळीनं मांडलेले बाराही पिंजरे सताड उघडे होते. आत एकही उंदीर नव्हता.

उंदीर गेले तर बरंच झालं, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्या कणगीतले उंदीर वेगळे आणि हे वेगळे. हे नागपूरच्या डॉक्टर भवाळकरांचे पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे उंदीर. म्हातारपणी झोप का तुटते, हे डॉक्टरसाहेबांना शोधून काढायचं होतं. माणसांना विचारावं तर जो तो म्हणतो, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. विशीतला पोरगाही तेच म्हणतो. उंदीर खोटं बोलत नाहीत. म्हणून सहा म्हातारे आणि सहा तरुण उंदीर निवडून साहेबांनी मानोऱ्याला धाडले. नागपुरात टांगे, भोंगे, वाजंत्री. मानोऱ्यात गावाबाहेर नुसती शांतता. उंदीर झोपतो दिवसा. तेव्हा उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर पाव तासाला पाहायचं, झोपला असेल तर वहीत गोळा, जागा असेल तर उभी रेघ.

हे काम बबनरावांचं, आणि नोकरी हंगामी. पोळ्यानंतर आठ दिवसांनी साहेब येणार, सगळं पाहणार आणि मनासारखं असेल तर बबनरावांना कायम करणार. कायम झालं की राहायला जागा मिळणार, आणि जागा मिळाली की गावच्या घरून, धनजहून, त्यांची बायको कस्तुराबाई येणार. लग्नाला चार वर्षं झाली, पण बाई या ना त्या कारणानं धनजलाच. कधी सासूचा गुडघा, कधी गाईचं वेत, कधी नुसतंच "पुढच्या महिन्यात पाहू." या नोकरीवर बबनरावांचा सगळा संसार टांगलेला होता.

"रामधनबाबा!" बबनराव ओरडले. मग जीभ चावून, कुजबुजत पुन्हा म्हणाले, "रामधनबाबा!" कारण बंगलीत मोठ्यानं बोलायला त्यांनीच मनाई केली होती.

"इकडं हावो मी, मागच्या आंगणात," उत्तर आलं.

उंदरांना दाणापाणी करणारा साठीचा रामधन अंगणात उकिडवा बसला होता. पुढ्यात बांबूचं मोठं डालं पालथं घातलेलं, त्यावर आंब्याच्या पानांचं तोरण. डाल्याखाली बाराच्या बारा उंदीर गेरूचे ठिपके लावून पुरणपोळीचे तुकडे कुरतडत होते.

"हे काय करून ठेवलं तुमी?"

"पोळा हाये ना आज," रामधन म्हणाला. "काल सांजच्याले सगळ्याईच्या कानात सांगतलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आज रिठ्याच्या पाण्यानं आंग धुतलं."

"अवो, पोळा बैलाचा असते!"

"कष्टाच्या जनावराचा असते. हे सरकारचं काम करून राह्यले ना? माणसानं टक लावून पाह्यलं तरी दिवसभर झोपून दाखवनं काय सोपं काम हाये?" मग तो जरा हळू बोलला, "माहा ढवळ्या बैल गेला औंदा उन्हाळ्यात. दावणीले कोनी नाही. मंग पोळा करू कोनाचा?"

तेवढ्यात बबनरावांची नजर एका शेपटीवर गेली, मग दुसरीवर, मग तिसरीवर. म्हाताऱ्या उंदरांच्या शेपटीवर निळ्या शाईचा ठिपका होता. रिठ्याच्या पाण्यात तो धुऊन निघाला होता. सहा म्हातारे आणि सहा तरुण, आता नुसते बारा गेरूनं गुलाबी झालेले उंदीर. रामधननं ज्वारी-गूळ चारून म्हातारेही असे गुबगुबीत केले होते की अंगावरून काही म्हणता काही कळायला मार्ग नव्हता.

"मेलो," बबनराव तिथंच मातीत बसले. "बाबा, बुढे कोनते आन् तरणे कोनते?"

"आता माह्या ध्यानात आलं," रामधन म्हणाला, आणि त्याचाही चेहरा उतरला.

इथं एक सांगायला हवं. शांततेसाठी बबनरावांनी काय नाही केलं! रामधनच्या वहाणा दाराबाहेर. कुंभाराची गाढवं लांबच्या वाटेनं. शेजारच्या बदरुद्दीन पिंजाऱ्याची कापूस पिंजायची कमान तर त्यांनी दिवसा बंदच करवली होती. तिचा टणत्कार उंदरांना उठवतो म्हणे. बिचारा बदरुद्दीन दिवसभर ओट्यावर विडी ओढत बसे आणि दिवे लागल्यावर गाद्या भरी. स्वतः बबनराव पायांच्या चवड्यावर चालत. टेबल त्यांनी खिडकीच्या वाऱ्याला, सात नंबरच्या पिंजऱ्याशेजारी मांडलं होतं. दुपारी जेवल्यावर त्यावर डोकं टेकून ते वहीचा विचार करत, तेव्हा रेघा-गोळे रामधन काढी. एवढी मेहनत, आणि सगळी रिठ्याच्या फेसात गेली.

"साहेबाले खरं सांगून टाका," रामधन म्हणाला. "चूक माही हाये."

"खरं सांगतलं तर तुमी बी घरी आन् मी बी घरी."

रामधननं डाल्याच्या फटीतून आत डोकावून पाहिलं. "बबनराव, बुढं जनावर झोपेवरून वळखू येते. ढवळ्याजवळ मी दोन वर्सं बसलो. त्याचा डोळा लागे, पन टिकत नसे. जरासाक झोपला का कान हालला, उठला, रवंथ केला, अखीन झोपला. तरणा गोऱ्हा झोपला का पाय तानून, खुशाल."

बबनरावांनी धावत जाऊन वही उघडली. महिनाभर आपणच भरलेली वही त्यांनी पहिल्यांदा नीट वाचली म्हणा ना. तरुणांच्या ओळीत गोळ्यांमागून गोळे, लांबच लांब. म्हाताऱ्यांच्या ओळीत दोन गोळे, एक रेघ, एक गोळा, दोन रेघा. म्हातारे एकूण झोपत होते पुष्कळ, पण तुकड्या-तुकड्यांनी. ढवळ्या जे करायचा, तेच.

मग काय, उंदीर हाताला लागतील तसे पिंजऱ्यांत टाकले आणि दोघं सात दिवस पापणी न हलवता बसले. निदान रामधन तरी. पाच म्हातारे चटकन सापडले. सहाव्याला अडलं.

"हा सात नंबरवाला सकाळी तरणा दिसते आन् दुपारी बुढा," रामधन डोकं खाजवत म्हणाला. "दुपारी डोळाच लागत नाही याचा. ऐसं काहून?"

"बुढाच तो. झाले सहा. उरले ते तरणे," म्हणून बबनरावांनी ठिपके ठोकून दिले.

आठव्या दिवशी साहेब आले. आले ते सरळ पिंजऱ्यांकडे गेले.

"हे गुलाबी कशानं झाले?"

"खरूज, साहेब," बबनराव म्हणाले. "औषध लावलं."

"बाराही जणांना? कपाळावर टिळ्यासारखं?" साहेबांनी चष्मा पुसला. "बरं. एक खातरजमा करतो. शाईवर माझा विश्वास नसतो. म्हाताऱ्यांच्या डाव्या कानाला मी नागपूरलाच बारीक खाच केली आहे."

रामधननं डोळे मिटून घेतले. साहेब एकेक उंदीर उचलत, कान उजेडाला धरत आणि खाली ठेवत. पाच झाले. सहाव्याला ते थबकले.

"याला खाच नाही. हा तरुण आहे! आणि तरुणांत हा म्हातारा बसलाय. बबनराव, हे काय आहे?"

तेव्हा रामधन हात जोडून पुढं झाला आणि त्यानं आवतणापासून गेरूपर्यंत सगळं सांगून टाकलं. साहेब स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा, मग भलताच काहीतरी. आता बडतर्फीच, म्हणून बबनराव मनातल्या मनात धनजची वाट चालू लागले.

"थांबा," साहेब म्हणाले. "म्हणजे खूण नसताना, नुसती झोप पाहून तुम्ही बारांतले दहा बरोबर ओळखले?"

"हो जी," रामधन म्हणाला.

साहेब ताडकन उठले. "अहो, माझी वही कुणी मानली नसती! पाहणाऱ्याला आधीच ठाऊक होतं, म्हणून हवं ते दिसलं, असं म्हणाले असते. पण हे? हे कोण नाकारेल?" त्यांनी रामधनची पाठ थोपटली. बबनराव आ वासून पाहत राहिले. उंदरांना आंघोळ घातल्याबद्दल शाबासकी मिळते, हे त्यांच्या डोक्यात शिरेना.

"फक्त हा सात नंबर," साहेब पुन्हा वाकले. "तरुण असून दुपारी जागा का राहतो? इथं दुपारी काही आवाज होतो का?"

आता मात्र बबनरावांना जोर आला. "आवाज? साहेब, टाचणी पडू देत नाही मी! या पिंजाऱ्यालाच विचारा." आणि त्यांनी खिडकीतून हाक मारली, "बदरुद्दीनभाई, सांगा साहेबाले, दुपारी काही आवाज असते का?"

बदरुद्दीन ओट्यावरून उठून खिडकीशी आला. त्यानं आधी साहेबांना सलाम केला, मग बबनरावांकडे पाहिलं.

"सच बोलू?"

"बोला ना, बिनधास!"

"साब, मेरी कमान तो महिनेभर से खुंटी पे टंगी है. पर दोपहर को अंदर से जो धुनाई चलती है, मैं रोज सोचता, ये कौन पिंजारी नया आया? एक दिन झांक के देखा." त्यानं बोट टेबलाकडे केलं. "ये थे. सो रहे थे. अल्ला कसम, खिडकी हिल रही थी."

बंगलीत खरोखरच शांतता पसरली.

"मी?" बबनराव म्हणाले. "मी घोरतो?"

त्यांनी रामधनकडे पाहिलं. रामधन पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"मले वाटलं, तुमाले मालूम हाये," तो म्हणाला.

साहेब इतके हसले की सगळे उंदीर जागे झाले. पंधरा दिवसांनी नागपूरहून कागद आला. बबनराव कायम, रामधन कायम; पिंजाऱ्याची कमान चालू द्यावी, मात्र श्री. बबनराव यांचं टेबल पिंजऱ्यांपासून शंभर हात दूर न्यावं. ते गेलं बदरुद्दीनच्या ओट्यावर, आणि आता दुपारी कापसाची आणि नाकाची, दोन्ही धुनाया तिथंच चालतात.

बबनरावांनी त्याच दिवशी आनंदानं धनजला पत्र टाकलं: कायम झालो, जागा मिळाली, निघून ये. कस्तुराबाईंना लिहिता येत नसे. उत्तर आलं ते गावच्या शाळामास्तरांच्या वळणदार अक्षरात.

"साष्टांग नमस्कार. बातमी वाचून देवीला नारळ फोडला. दसरा झाला की येते. फक्त एवढं कळवावं, खोल्या दोन आहेत ना? आणि मधली भिंत कुडाची आहे की दगडाची?"

बबनरावांनी पत्र तीनदा वाचलं. चार वर्षांतले सासूचे गुडघे आणि गाईची वेतं एकामागून एक त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. मग त्यांना दिसलं, की सगळ्यात खाली मास्तरांनी आपल्यातर्फे एक ओळ जोडली होती.

"दगडाची असल्यास उत्तम."