खलबत्त्याचे वजन

शहनाझ मिसकडे वजन मागावे लागू नये, एवढ्याचसाठी सदानंद बर्वे यांनी शाळेचा नवा सेन्सर शनिवारी घरी आणला होता.

"हे काय आणि?" मृणालिनीने दारात चपला घालता घालता विचारले. त्यांच्याच शाळेत पाचवीत असलेल्या लेकीला, इराला, पोहण्याच्या क्लासला सोडायला ती निघाली होती.

"फोर्स सेन्सर. वायरलेस. याच्या हुकाला काही अडकवलं किंवा ओढलं, की किती जोर लागला ते टॅबवर दिसतं. सोमवारी नववीला दाखवायचाय. त्याआधी कॅलिब्रेट करतो."

"करा. फक्त डायनिंग टेबलावर पसारा नको."

काम तसे सोपे होते. हुक मोकळा असताना सेन्सरला 'हे शून्य' असे सांगायचे, मग ठाऊक असलेले एखादे वजन अडकवून 'हे इतके' असे सांगायचे. पुढची सगळी मापे तो त्यावरून काढतो. ठाऊक असलेली वजने शाळेत होती. पण ती शहनाझ मिसच्या कपाटात. दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनमधल्या त्या शाळेची प्रयोगशाळा कैक वर्षे त्याच सांभाळत होत्या. सदानंद त्यांच्या मागून आलेले, परंतु सेन्सरचे ट्रेनिंग मात्र एकट्या सदानंदांचे झाले होते. ट्रेनिंग घेतलेल्या माणसाने एक किलोचे वजन मागायला जावे, हे त्यांना प्रशस्त वाटेना.

त्यांनी मृणालिनीचा लोखंडी खलबत्ता कापडी पिशवीत घातला आणि कपाटावरून बॅगा तोलायचा काटा काढला. गोल तबकडीच्या, हुकाच्या त्या काट्यावर घराचा गाढ विश्वास होता. दर उन्हाळ्यात पुण्याला निघताना त्यावर बॅगा तोलल्या जात आणि विमानतळावर त्यांना कुणी हरकत घेत नसे. काट्याने अडीच किलो दाखवले. सदानंदांनी तीच पिशवी सेन्सरला अडकवली, टॅबवर अडीच किलोचा आकडा भरला आणि खलबत्ता मुकाट्याने जागेवर ठेवून दिला.

सोमवारी नववीच्या मुलांनी एकेक वस्तू आधी शाळेच्या जुन्या ताणकाट्यावर आणि मग सेन्सरवर तोलली. दोन्ही आकडे एकदाही जुळले नाहीत. सेन्सर प्रत्येक वेळी पावपट जास्त दाखवत होता. तास संपल्यावर सदानंदांनी शहनाझ मिसना बोलावून घेतले.

"मिस, तुमचे ताणकाटे गेले. स्प्रिंगा आखडल्यात."

"आखडल्या?" शहनाझ मिसनी एक काटा हातात घेतला. "सर, स्प्रिंग जुनी झाली की सैल होते. आखडते कशी?"

"इथला एसी. चोवीस तास."

"आणि आठही काट्यांच्या एकाच मापानं?"

"एकाच कंपनीचे आहेत ना."

शहनाझ मिसनी हातातला काटा खिळ्याला परत लावला. मग म्हणाल्या, "माझं किलोचं वजन सेन्सरला लावून बघू या का एकदा?"

नेमक्या त्याच वेळी प्रिन्सिपल मॅडम दारात उभ्या राहिल्या. "क्या हुआ? नया मशीन है, सही ही होगा ना, सदानंद सर?"

होय किंवा नाही, एवढेच उत्तर द्यायचे होते. सदानंदांनी मान डोलावली, आणि ती डोलावताना शहनाझ मिसकडे पाहायचे टाळले.

त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. आठही ताणकाटे खोक्यात घालून स्टोअरमध्ये गेले. इतकी वर्षे मुलांना चुकीची मापे शिकवली गेल्याबद्दल प्रिन्सिपल मॅडमनी स्टाफ मीटिंगमध्ये खेद व्यक्त केला. नाव त्यांनी कुणाचेही घेतले नाही, पण सगळ्यांनी वळून एकाच दिशेला पाहिले. शुक्रवारी सकाळी शहनाझ मिसनी प्रयोगशाळेच्या किल्ल्या सदानंदांना द्याव्यात, असेही ठरले. शिवाय इतके अचूक यंत्र हाताशी आहेच, तर मुलांची दप्तरेही तोलावीत, असे मॅडमना सुचले. पाचवीसाठी चार किलोची मर्यादा होती. निम्म्याहून अधिक दप्तरे तिच्या वर निघाली आणि गुरुवारी दुपारी पालकांना मेसेज गेले. मेसेजखाली 'विज्ञान विभाग' असे होते.

संध्याकाळी सदानंद शेजारच्या अजमानमधल्या आपल्या घरी पोचले तेव्हा मृणालिनी तोच मेसेज उघडून बसली होती.

"तुमच्या विभागाचं म्हणणं आहे की इराचं दप्तर चार किलो चारशे भरतं."

"मग भरत असेल. वह्या काढ थोड्या."

"मी काल आपल्या काट्यावर तोललंय. बरोबर चार आलं. म्हणजे खरं साडेतीनच."

"चार म्हणजे साडेतीन कसं?"

"अहो, आपला काटा अर्धा किलो जास्त दाखवतो ना."

सदानंद सोफ्यावर बसले. "कधीपासून?"

"त्या वर्षी एअरपोर्टवर बॅग उघडायला लावली होती, आठवतं? अख्ख्या लाइनीसमोर तुमचे बनियन बाहेर काढले होते मी. घरी आल्यावर पहिल्यांदा त्याचा स्क्रू फिरवून ठेवला. तेव्हापासून कधी त्रास झालाय?"

"मला सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय त्यात? रिकामा असतानाच काटा अर्ध्यावर असतो. समोर तर दिसतं."

इराने गृहपाठातून मान वर केली. "बाबा, यू ऑल्वेज से, चेक झिरो फर्स्ट."

हे वाक्य सदानंद दर वर्षी, दर वर्गाला, पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि खलबत्त्यासमोर उभे राहिले. त्याचे वजन दोन किलो होते. बाहेरून मृणालिनीने विचारले, "काय शोधताय?"

शुक्रवारी सकाळी शाळेकडे जाताना त्यांनी गाडीत वाक्ये जुळवून पाहिली. सेन्सर मध्येच बिघडला असावा. सॉफ्टवेअरमध्ये काही गडबड असेल. बॅटरी उतरली होती. प्रत्येक वाक्य बऱ्यापैकी उभे राहत होते आणि प्रत्येकाच्या शेवटी शहनाझ मिस हातात किल्ल्या घेऊन दिसत होत्या. समोरून दुबईच्या दिशेने गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. उम्म अल कुवैनकडचा रस्ता मात्र रोजच्यासारखा मोकळा होता. आयुष्यात प्रथमच त्यांना ट्रॅफिक हवा होता.

ऑफिसात शहनाझ मिस आधीच आल्या होत्या. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर होता.

"मॅडम, काटे ठीक थे," सदानंद उभ्यानेच म्हणाले. "सेन्सर ज्यादा बता रहा था."

"अच्छा? सेन्सर खराब निकला?" प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. "तो कंपनी को बोलते हैं."

सुटकेचे दार उघडे होते. सदानंदांनी केवळ हो म्हणायचे होते.

"नहीं मॅडम. सेन्सर अच्छा है. कॅलिब्रेशन मैंने गलत किया. घर पे."

"घर पे? किस चीज से?"

सदानंदांचे कान तापले. "खलबत्ता."

मॅडमना कळले नाही. त्यांनी शहनाझ मिसकडे पाहिले.

"लोहे का होता है, मॅडम," शहनाझ मिस अतिशय गंभीरपणे म्हणाल्या. "मसाला कूटने का."

मग बॅगांचा काटा, त्याचा फिरवलेला स्क्रू आणि न पाहिलेले शून्य, हे सर्व क्रमाने सांगावे लागले. बनियनचा तेवढा भाग त्यांनी वगळला. पालकांना माफीचा मेसेज आजच जाईल आणि खाली विभागाचे नव्हे, त्यांचे नाव असेल, असे मॅडमनी सांगितले. शहनाझ मिसनी किल्ल्या उचलून पर्समध्ये टाकल्या.

प्रयोगशाळेत त्यांनी कपाटातून एक किलोचे वजन काढून सदानंदांच्या हातात दिले. सदानंदांनी मोकळ्या हुकावर शून्य लावले, पुन्हा एकदा पाहिले आणि मगच वजन अडकवले. मग एकच वस्तू सेन्सरवर आणि खोक्यातल्या एका ताणकाट्यावर तोलली. आकडे जुळले.

"मिस, मी मीटिंगमध्येही बोलीन. सगळ्यांसमोर."

"बोला." शहनाझ मिस खोक्यातले ताणकाटे एकेक करून खिळ्यांना लावत होत्या. शेवटचा लावून झाल्यावर त्या जरा घुटमळल्या. "सर, तो तुमचा काटा. अर्धा किलो जास्तच दाखवतो? नक्की?"

"नक्की," सदानंद खाली मान घालून म्हणाले.

"पुढच्या आठवड्यात आम्ही रत्नागिरीला निघालोय. गेल्या खेपेला काउंटरवर माझी बॅग उघडायला लावली, सगळ्यांसमोर. सासूबाई अजून त्यावरून बोलतात. चार दिवस द्याल का?"

सोमवारी सदानंदांनी काटा नेला. देण्यापूर्वी त्यांनी तो डोळ्यांसमोर धरून रिकामी तबकडी पाहिली. काटा अर्ध्या किलोवर होता. त्यांची बोटे आपोआप स्क्रूकडे गेली.

"सर," शहनाझ मिस घाईने म्हणाल्या, "त्याला हात लावू नका. तो बरोबर आहे."