फणसे मास्तरांचा ग्रीक देव

लग्न होऊन पनवेलला आले आणि घरात पहिला सत्यनारायण झाला, त्या दिवशी फणसे मास्तरांची माझी ओळख झाली. भटजींनी तिसरा अध्याय संपवला, शंख वाजला, तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून बसलेला एक उंच, वाळका माणूस अगदी शांतपणे म्हणाला, "भटजी, ज्याला ऐकू येत नाही त्याला कथा कशाला सांगताय?"

माझ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. भटजींना सवय असावी. त्यांनी चौथा अध्याय सुरू केला. मास्तर शेवटपर्यंत बसले, प्रसाद दोनदा मागून घेतला आणि जाताना मला म्हणाले, "सूनबाई, शिरा उत्तम. देवाला पोचत नाही, पण मला पोचला."

मास्तर आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहत. धुळ्याच्या कुठल्याशा शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. कॉलेजात असताना त्यांनी ग्रीक तत्त्ववेत्ते वाचले होते आणि त्यांचा देव त्यांतलाच होता. तेहतीस कोटींतून एकही त्यांना चालत नसे. "देव परिपूर्ण आहे," ते बोट वर करून सांगत. "परिपूर्णाला काही हवं नसतं, काही खुपत नसतं. तो रागावत नाही, प्रसन्न होत नाही. मुळात हलतच नाही तो! आपणच त्याच्या ओढीनं फिरत असतो, ग्रहताऱ्यांसकट."

आपणही जमेल तितकं तसं व्हावं, अशी त्यांची खटपट असे. एकदा मांजरानं त्यांचं दूध सांडलं. मास्तर डोळे मिटून म्हणाले, "परिपूर्णाला राग येत नाही." मग डोळे उघडून मांजराला वहाण फेकून मारली. ती आमच्या लोणच्याच्या बरणीला लागली.

करंज्याहून सुकट घेऊन येणारी एक कोळीण होती. मास्तर शाकाहारी, पण तिच्याशीही त्यांची चर्चा चाले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तुमचा देव बहिरा हाय का वो, मास्तर?"

"बहिरा नव्हे, बाई. ऐकण्याच्या पलीकडचा."

"मंग त्याला सांगून उपेग नाय," असं म्हणून तिनं टोपली उचलली.

मास्तरांचा खरा सामना असे तो दानूशेठशी. दानियल आवासकर हे त्यांचं नाव. समोरच त्यांचं तेलाचं दुकान आणि मागे घर. ते बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे यहुदी. त्या काळी पनवेलात त्यांची बरीच घरं होती. बोलणं आमच्यासारखंच, लुगडी-मंगळसूत्रं आमच्यासारखीच. फक्त शनिवारी त्यांचं दुकान बंद आणि चूलही बंद. इतर दिवशी संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास दानूशेठ आमच्या ओट्यावर येत, मास्तर बाहेर येत, मी चहा टाकी, आणि दोन देवांची जुंपे.

"तुमचा देव दिवसभर करतो काय, मास्तर?"

"चिंतन."

"कुणाचं?"

"स्वतःचं. त्याहून चिंतन करण्याजोगं दुसरं आहे काय?"

"दिवसभर स्वतःचाच विचार करणारे पनवेलात काय थोडे आहेत? त्यांना आम्ही देव नाही म्हणत."

मग दानूशेठ आपला देव मांडत. त्यांचा देव म्हणजे मोठा घरंदाज पण तापट माणूस वाटे. संध्याकाळी गार वारा सुटला की बागेत फिरणारा. माणसं बिघडली तेव्हा, यांना केलं कशाला, म्हणून मनातून पस्तावणारा. पूर आणून सगळं बुडवणारा आणि मग वाईट वाटून आभाळात धनुष्य टांगणारा, पुन्हा असं करणार नाही म्हणून कबूल होणारा.

"देव कबुली देतो?" मास्तर हादरत. "देव आहे की खोताचं कूळ?"

"आमच्या मूळ पुरुषानं तर त्याच्याशी घासाघीस केली. देव एक गाव जाळायला निघाला होता. हा म्हणाला, गावात पन्नास भले लोक निघाले तर? देव म्हणाला, राखीन. बरं, पंचेचाळीस? असं करत करत दहावर आणलं."

"म्हणजे तुमचा देव मंडईत बसतो!"

"बसतो म्हणून तर भेटतो, मास्तर."

अशी कित्येक वर्षं गेली. कुणी जिंकलं नाही. दानूशेठच्या घरी नवसाचा मलिदा झाला की पोहे, खोबरं, साखर, केळ्यांच्या चकत्या असं भरलेलं ताट मिल्काबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आधी मास्तरांकडे धाडत. मास्तर ते संपवत आणि निरोप पाठवत, "तर्कदृष्ट्या निराधार. चव चांगली."

मग मिल्काबाईंना विषमज्वर झाला. त्या काळी त्या तापाचं नाव निघालं की माणसं हळू आवाजात बोलत. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येत. ताप उतरेना, बाई बरळायला लागल्या. दानूशेठ सुरुवातीला सारखे प्रार्थना करत. मग भांडायला लागले. भिंतीकडे तोंड करून, मोठमोठ्यानं. एका संध्याकाळी मी पेज घेऊन गेले, मागोमाग मास्तरही आले. दानूशेठ उंबऱ्यावर बसले होते.

"मी त्याच्याशी बोलणं टाकलंय," ते म्हणाले. "खूप बोललो. आता एक शब्द नाही."

मला वाटलं, मास्तर काहीतरी बोलतील. इतक्या वर्षांचा वाद होता, आणि आज समोरचा स्वतःहून हरला होता.  पण त्यांनी दानूशेठच्या खांद्यावर नुसता हात ठेवला, काढला, आणि परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बर्फ आणायला बाजारात निघाले होते. वाटेत यहुद्यांचं प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग, लागे. तिथला म्हातारा राखणदार दारात घुटमळत होता. मला पाहून म्हणाला, "बाई, हे तुमचे मास्तर आत एकटेच बोलतायत. काय करू मी?"

मी दारातून डोकावले. वहाणा बाहेर काढून, डोक्यावर काळी टोपी घालून मास्तर त्यांचा धर्मग्रंथ ठेवतात त्या पडद्याच्या कपाटासमोर उभे होते. वर्गात बोलावं तसं खणखणीत बोलत होते.

"आपली माझी ओळख नाही. मी मुळात दुसऱ्याकडचा माणूस. पण दानियल आवासकर आपला आहे. तो आपल्याशी बोलत नाही, ते मनावर घेऊ नका. रागावलाय. आपणही रागावता असं ऐकतो, तेव्हा आपल्याला समजेल." इथे त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. "ती बाई बरी करा. मला घासाघीस येत नाही. दानियलला येते, पण तो आज यायचा नाही. म्हणून मी आलोय."

ते वळले तशी मी दिसले. टोपी काढून हातात चुरगाळत म्हणाले, "असं बघू नकोस, सूनबाई. ज्याला ऐकू येतं म्हणतात, त्याच्याकडेच जायला हवं ना? माझ्या देवाकडे जाऊन काय उपयोग होता?"

डॉक्टरांनी मुंबईहून एक नवं औषध मागवलं होतं. ते लागू पडलं. मिल्काबाईंचा ताप हळूहळू उतरला. दानूशेठ पुन्हा शनिवारी प्रार्थनेला जाऊ लागले. राखणदारानं त्यांना काही सांगितलं की नाही, मला कळलं नाही. मी मात्र कुणाला बोलले नाही.

पुढे एका शुक्रवारी संध्याकाळी मी आणि मास्तर ओट्यावर बसलो होतो. समोर मिल्काबाई, अजून भिंतीचा आधार घेत, आजारातून उठल्यावर पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं शब्बाथचा, म्हणजे उद्याच्या शनिवारच्या विश्रांतीचा, दिवा लावत होत्या.

"मग मास्तर, त्यानं ऐकलं म्हणायचं?" मी विचारलं.

"औषधानं ऐकलं," ते म्हणाले.  "सुभद्रेला, माझ्या पत्नीला, हाच ताप होता. धुळ्याला. मी देवापुढे बसून होतो. तिच्याजवळ बसायचं सोडून तिथे बसलो. ती गेली तेव्हाही तिथेच होतो. नंतर कॉलेजात वाचलेला तो देव आठवला. विचार केला, की ऐकू येऊनही तो आला नाही असं मानलं, तर जन्मभराचं वैर. त्याला ऐकूच येत नाही म्हटलं, की भांडणच मिटतं."

"आणि मिटलं?"

समोर मिल्काबाईंनी डोळ्यांवर हात धरले होते आणि ओठ हलत होते. दानूशेठ त्यांच्या मागे उभे होते, त्या पडल्या तर सावरायला.

"तेव्हा धुळ्यात विचारायला हवं होतं," मास्तर म्हणाले, "गावात कुणी ऐकणारा देव राहतो का म्हणून."