चंद्रकुमारभाऊंची सरळ पाठ

"पंधरा दिवस! फक्त पंधरा दिवसांत पाठ सरळ करून दाखवतो! नाही झाली तं मिशी काढून टाकीन!"

कोंढ्याचे चंद्रकुमारभाऊ पानठेल्यावर असं गरजले, तेव्हा त्यांना मिशी नव्हती. त्यामुळे पैज तशी बिनधोक होती. पण पाठीचं प्रकरण मात्र गंभीर होतं.

तीस वर्षं भाऊंनी हातमागावर कोशाच्या रेशमाच्या साड्या विणल्या. पाय खड्ड्यात मागाच्या पावड्या दाबत, मान खाली, नजर धाग्यावर. साड्या सरळ निघत गेल्या आणि माणूस वाकत गेला. थोरल्या मुलीच्या लग्नाचा अल्बम उघडा, प्रत्येक फोटोत भाऊ जमिनीवर काहीतरी हरवल्यासारखे खाली बघतायत! व्याह्यांबरोबरच्या फोटोत तर त्यांचं नुसतं टक्कल आलं होतं.

आता धाकट्या रुचिताचं साक्षगंध ठरलं होतं. मुलगा सिहोऱ्याचा, धनंजय. मुलाचे वडील सुखरामजी फौजेतून निवृत्त झालेले, सहा फूट उंच, मिशा अशा की दोन्ही टोकांना लिंबू टांगावं. पसंतीच्या दिवशी चंद्रकुमारभाऊ त्यांचं स्वागत करायला दारात उभे राहिले, तर सुखरामजी मोठ्या प्रेमानं म्हणाले, "बसून राहा जी व्याही, उठू नका!"

भाऊ उभेच होते हो!

ते वाक्य त्यांच्या काळजात रुतलं. साक्षगंधाच्या फोटोत या माणसाच्या शेजारी आपण सरळ उभं राहायचंच, असं त्यांनी ठरवलं. उपाय घरातच होता. रुचिता कराटेतली ब्लॅक बेल्ट. रोज सकाळी शाळेच्या पटांगणात वीसेक पोरींना शिकवायची. दुसऱ्या दिवशी त्या रांगेच्या शेवटी पांढरा ड्रेस घालून, कमरेला पांढरा पट्टा बांधून, बावन्न वर्षांचे चंद्रकुमारभाऊ हजर!

"बाबा, पाठ!" रुचिता म्हणाली.

"सरळच हाय."

"तुम्ही माह्या चपलांशी बोलून राहिले, बाबा. वर पाहा."

पहिला धडा किबा-दाचीचा. म्हणजे घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवायचे, गुडघे वाकवायचे आणि पाठ ताठ ठेवून खाली बसायचं; फक्त खाली घोडा नसतो. भाऊंचे पाय यात बरे चालले. तीस वर्षं पावड्या दाबलेल्या मांड्या त्या, काही बोलल्या नाहीत. पण पाठ? पाठ ऐकेना. आणि पुढे सरकायची वेळ आली की निराळीच गंमत. रुचिता जपानीत "इची", म्हणजे एक, म्हणाली की भाऊ डावा पाय दाबत, "नी", म्हणजे दोन, म्हणाली की उजवा. पोरी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आणि भाऊ जागच्या जागी अर्धी साडी विणून मोकळे!

"पाय सरकवा बाबा, दाबू नका! आन् जोर लावताना पोटातून ओरडा!"

ओरडणं तेवढं त्यांना पहिल्याच दिवशी जमलं. तलावावरचे बगळे उडाले.

पंधरा दिवस भाऊ इमानदारीनं गेले. मांड्या तयार झाल्या, आवाज तयार झाला, पाठ मात्र फार तर दोन बोटं वर आली. "सहा महिने लागतील बाबा, घाई करू नका," रुचिता म्हणाली. पण साक्षगंध तर दुसऱ्या दिवसावर आलेलं!

आणि तिथंच भाऊंच्या डोक्यात तो विचार शिरला. ताण्यात, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांत, घालायच्या बांबूच्या दोन लांब चपट्या पट्ट्या मागाच्या खोलीत पडून होत्या. पाठीच्या दोन्ही बाजूंनी त्या लावायच्या, वरून कराटेचा पट्टा गुंडाळायचा, त्यावर नवा सदरा. कोणाच्या बापाला कळतंय!

"अजी, हे कायले करून राहिले?" साक्षगंधाच्या सकाळी बायको जानकीबाई म्हणाल्या.

"तू बांध! घट्ट बांध!"

जानकीबाईंनी बांधलं. आता त्याही तीस वर्षं मागाजवळच बसलेल्या. तुटलेल्या धाग्याला त्या जी गाठ मारतात, ती सवयीनं इथेही मारली. विणकराची गाठ ती! जितकी ओढावी तितकी आवळते. सुटण्यासाठी ती मारतच नाहीत.

चंद्रकुमारभाऊ आरशासमोर उभे राहिले आणि त्यांना आरशात पहिल्यांदा स्वतःची छाती दिसली. तेवढ्यात रुचिता आली. नवी कोरी साडी, केसांत गजरा. ती दारातच थबकली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बाबा! जमलं तुम्हाले! अन् मी म्हणून राहिली होती सहा महिने!"

आता हिला कसं सांगायचं? भाऊ हसले आणि गप्प बसले. म्हणजे उभेच राहिले, कारण बसता येत नव्हतं. हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं.

"जानकी, थोडं ढिलं कर वो," ते कुजबुजले. जानकीबाईंनी गाठ ओढली. ती आणखी आवळली. कात्री मागाच्या खोलीत, आणि तेवढ्यात दारात गाड्या येऊन थांबल्या!

सर्वांत आधी उतरल्या सुखरामजींच्या आई, शकुंतलाबाई. वय ऐंशी, पण नजर सुईत दोरा ओवणारी. पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायचं, मग वाकून नमस्कार करायचा, ही आपल्याकडची रीत. मुलीच्या बापानं तर करायलाच हवं. जानकीबाईंनी भाऊंच्या हातात लोटा दिला. सगळे पाहू लागले. भाऊ काही वाकेनात.

"काय जी, व्याही वाकून नाही राहिले?" मागून कोणीतरी म्हणालं.

भाऊंना घाम फुटला. आणि मग त्यांना किबा-दाची आठवली. लोटा हातात धरून त्यांनी पाय फाकवले, गुडघे वाकवले आणि पाठ तशीच ताठ ठेवून ते म्हातारीसमोर हळूहळू खाली उतरले. पाणी घातलं, पायांना हात लावला. तिथवर सगळं उत्तम! पण वर यायला जोर हवा, आणि जोर लावताना काय करायचं ते पंधरा दिवस अंगात मुरलेलं.

"हाऽऽय्या!"

शकुंतलाबाई दोन पावलं मागे जाऊन थेट खुर्चीत बसल्या. सुखरामजी एका ढांगेत आईच्या पुढे आले, मुठी वळलेल्या. "व्याही! म्हाताऱ्या माणसावर ओरडून राहिले?"

"नाही जी, ते... आदर होय तो!" भाऊ म्हणाले.

"असा आदर सरहद्दीवर करत असतात!"

वातावरण निवावं म्हणून फोटोवाल्या डोमानं घाईघाईनं फोटो मांडला. शकुंतलाबाई आणि सुखरामजी पुढे खुर्च्यांवर, चंद्रकुमारभाऊ मागे उभे. तिपाईवर कॅमेरा तयारच होता. डोमा बाजूला उभा राहून "हसा जी!" म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा फोटोत सरळ उभे होते. त्या एका क्षणासाठी त्यांना सगळे कष्ट वसूल वाटले.

पाहुण्या बायका मागाच्या खोलीत साड्या पाहायला शिरल्या आणि त्यांच्याबरोबर कात्रीची आशाही गेली. कुंकू झालं, ओटी झाली, पंगत बसली. आता आग्रह आला! व्याह्यांना मुलीच्या बापानं स्वतः वाढायचं. भाऊंनी तुपाची वाटी घेतली आणि सुखरामजींच्या पानासमोर उभे राहिले. खाली वाकता येईना. पुन्हा किबा-दाचीत बसलो तर उठायला परत ओरडावं लागणार! म्हणून त्यांनी उभ्यानंच, छातीच्या उंचीवरून, नेम धरून तूप सोडलं.

नेम बरा होता. पण सुखरामजी नेमके पुढे झुकले आणि तुपाची धार त्यांच्या उजव्या मिशीवर पडली. मिशी हळूहळू खाली आली.

पंगत थांबली. सुखरामजी उठले.

"चाल माय," ते आईला म्हणाले. "वीस वर्षं फौजेत होतो. मोठमोठे साहेब पाहिले. पण एवढी अकड कोणाची नाही पाहिली! यायच्यानं आमच्यासमोर कंबर वाकत नाही, पोरीले का शिकवलं असंन?"

रुचिताचा चेहरा पांढरा पडला. धनंजय "बाबूजी, बाबूजी" करत राहिला. चंद्रकुमारभाऊंनी तुपाची वाटी जानकीबाईंच्या हातात दिली. पाठ गेली चुलीत! आपल्या एका फोटोपायी पोरीचं लग्न मोडतंय, हे त्यांना लख्ख दिसलं. पाय धरावेत, तर वाकता येत नाही. हात जोडावेत, तर ते ताठ अंगानं जोडलेले हात आव्हान दिल्यासारखे दिसतात. मग उरलं काय? भाऊ दुडक्या चालीनं धावले आणि त्यांनी सुखरामजींना कडकडून मिठीच मारली!

"नका जाऊ जी, व्याही!"

"सोडा मले!" सुखरामजींनी त्यांच्या पाठीला दोन्ही हातांचा विळखा घालून त्यांना उचलून बाजूला ठेवायचा प्रयत्न केला. आणि साऱ्या मांडवाला ऐकू आलं.

कडाड!

सुखरामजींचे हात गळून पडले. "बाप्पा रे! व्याह्याची पाठ मोडली मी!" बायकांनी एकच गलका केला. कोणी म्हणालं भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्या, कोणी म्हणालं खाट आणा. चंद्रकुमारभाऊ जुन्या सवयीनं हळूहळू पुढे वाकत गेले, आणि त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरमधून हातभर काहीतरी वर आलं.

शकुंतलाबाईंनी पुढे होऊन ते बोटानं दाबून पाहिलं.

"अगे माय! हाड नोहे हे. बांबू होय!"

रुचिता कात्री घेऊन धावली. सदरा वर केला, गाठ कापली. आपल्याच क्लासचा पांढरा पट्टा हातात आल्यावर ती बापाकडे पाहतच राहिली. भाऊंनी मान खाली घातली. ती तशीही खालीच होती.

"व्याही, तुम्ही मले बसून राहा म्हणाले होते ना," ते पुटपुटले. "मी उभाच होतो जी. म्हणून वाटलं, पोरीच्या फोटोत तरी तुमच्याइतकं सरळ दिसावं."

मग सुखरामजींनी इकडेतिकडे पाहिलं, स्वतःचा शर्ट चार बोटं वर केला. आत कमरेला डॉक्टरचा रुंद पट्टा!

"तीन वर्षं झाले," ते हळूच म्हणाले. "हा काढला का मीही तुमच्यासारखाच. धनंजयच्या मायशिवाय कोणाले माहीत नाही."

"आता साऱ्या कोंढ्याले माहीत झालं," शकुंतलाबाई म्हणाल्या आणि पहिल्या हसल्या त्याच. मग मांडव हसला. मिशीवर तूप घेऊन सुखरामजी पुन्हा पंगतीत बसले. भाऊंनी अगदी खाली वाकून, अगदी मनसोक्त वाकून, त्यांना तीनदा बुंदी वाढली.

संध्याकाळी रुचिता बापाजवळ येऊन बसली. "तुम्ही फोटोत चांगलं दिसावं म्हणून नाही बाबा मी शिकवत. तुमची पाठ दुखते, मले पाहवत नाही म्हणून शिकवते. पण एक सांगू? आजीचे पाय धुताना तुमची किबा-दाची एकदम बरोबर होती."

भाऊंना ते कुठल्याही पट्ट्यापेक्षा मोठं वाटलं. आणि शिवाय तो एक फोटो होताच ना! बांबू मोडायच्या आधीचा, सरळ पाठीचा!

आठ दिवसांनी डोमा अल्बम घेऊन आला. भाऊंनी घाईघाईनं पान उलटलं. पुढे खुर्च्यांवर सुखरामजी आणि शकुंतलाबाई, झकास. मागे पांढराशुभ्र सदरा, ताठ, इस्त्री केलेला, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आणि गळ्याच्या वर काहीच नाही. फोटो तिथंच संपला होता.

"अबे डोमा! माह्यं डोकं कुठी हाय?"

"मले का माहीत जी भाऊ, त्याच दिवशी तुम्ही एवढे वर जाल म्हणून!" डोमा म्हणाला. "मी तं सकाळीच तुमच्या नेहमीच्या उंचीवर कॅमेरा लावून ठेवला होता!"

तो फोटो आता मागाच्या खोलीत टांगलेला आहे. साड्या पाहायला आलेलं कोणी विचारतं, मागं उभा आहे तो कोण? भाऊ पावड्यांवरचे पाय थांबवतात आणि खाली मान घालूनच, पण मोठ्या तोऱ्यात सांगतात, "मी होय तो. उंची पाहा!"